काकूचं धोंडस

एडिसन, न्यू जर्सी
20 सप्टेंबर

तीर्थरूप काकूस,
साष्टांग नमस्कार.

तवशाचं धोंडस, आपला तो मोठ्या जून काकडीचा गोड केक, मी अखेर वहीत उतरवलं. घरात सगळे त्याला अजून ‘आजीचं धोंडस’ म्हणतात, पण मी वर ‘काकूचं’ असंच लिहिलंय. तू आजीच्या हाताखाली शिकलीस हे खरं; पण वेलचीच्या जोडीला जायफळ तू आणलंस, टोपाच्या तळाला हळदीची पानं तू घालायला लागलीस आणि इतकी वर्षं गणपतीत चुलीपुढे धूर खात तूच बसतेस. बाबांना हे मुद्दाम वाचून दाखव.

आता प्रमाण तपास. तांदळाचा रवा 2 वाट्या, तवशाचा कीस 4, गूळ पावणेदोन, ओलं खोबरं 1, चवीपुरतं मीठ. रवा तुपावर खमंग भाजायचा. कीस पिळून पाणी बाजूला ठेवायचं आणि गूळ त्याच पाण्यात विरघळवायचा. वरचं पाणी अजिबात नाही. कीस पिळताना तू मूठ उघडून त्यातला ओलेपणा बघायचीस आणि त्यावरून रवा कमी-जास्त करायचीस. ते वाट्यांत कसं मांडायचं, तूच सांग.

इथल्या लांब हिरव्या काकड्यांना तवशाचा वास नाही. तेलुगू लोक वापरतात ती पिवळी दोसकाई मात्र इथल्या भारतीय दुकानांत मिळते. किंचित आंबूस असते, पण गर घट्ट असतो. बिया काढते आणि तू करतेस तसं टोक आधी चाखून बघते, कारण एक कडू निघाली की सगळा टोप वाया. ओव्हनमध्ये 350 अंश फॅरनहाइटवर पाऊण तास ठेवते, शेवटी थोडा वेळ फक्त वरची आच. कड छान खरपूस होते, कापही सुबक पडतात. पण झाकणावरच्या करवंटीच्या निखाऱ्यांचा तो धुरकट वास काही येत नाही, आणि मला तोच हवा असतो.

लेक पहिला काप लोण्याशी खाते, दुसरा नारळाच्या दुधात बुडवून. हे तिला कुणी शिकवलं नाही!

तूप आधी घालतेस की रवा अर्धा भाजल्यावर, तेवढं फोनवर सांग. आणि वाशाला टांगलेल्या तवशांतलं एक मोठं राखून ठेव. दिवाळीत येतेय, तेव्हा टोपाशी मी बसेन आणि तू पाटावर बसून नुसतं सांगायचं.

काकांना नमस्कार.

तुझी,
मनू