ऑक्सफर्डहून पत्र: तांडेल मास्तरांची शाळा

ती. बाबा व ती. सौ. आईस,

साष्टांग नमस्कार.

मी अगदी मजेत आहे. आई, व्हिडिओवर मी वाळलेली दिसते तो इथल्या दिव्याचा दोष; भात-आमटी रोज होते. बाकीचं फोनवर बोलतोच. पण बाबा, "तिकडे आपल्यासारख्या, एकाच घराण्याने चालवलेल्या शाळा टिकतात का?" असं तुम्ही विचारलंत आणि मी विषय बदलला. म्हणून लिहिते.

माझ्या कामाच्या वाटेवर, बार्डवेल रोडला, ड्रॅगन स्कूल आहे. मोठ्या खाजगी शाळेत तेराव्या वर्षी जाण्याआधी मुलं तयार करणारी ही शाळा १८७७ची. पूर्वी इथल्या कॉलेजांतल्या बहुतेक प्राध्यापकांना लग्नाची बंदी होती. त्या सुमारास ती उठू लागली, लग्नं झाली, पोरं झाली आणि मग पोरांना शाळा हवी झाली! (आई, तू हसणार, माहीत आहे.) प्राध्यापकांनीच समिती करून शाळा काढली. समितीत एक मिस्टर जॉर्ज होते. संत जॉर्जने ड्रॅगन मारला अशी इथली कथा, म्हणून पोरं स्वतःला ड्रॅगन म्हणवू लागली. पुढे शाळेलाच ते नाव पडलं.

१८८६मध्ये सी. सी. लायनम हेडमास्तर झाले. नवी इमारत पालकांनी वर्गणी काढून दिलेल्या चार हजार पौंडांत उभी राहिली. आपल्या आजोबांनी दारोदार पावतीपुस्तक फिरवलं, तसंच की हे! १९२०मध्ये लायनमांचे धाकटे भाऊ हेडमास्तर झाले, १९४२मध्ये त्या भावाचा मुलगा.

आता कहर ऐका. मुलं मास्तरांना टोपणनावाने हाक मारत, तीही तोंडावर! लायनमना शिडाच्या बोटीचं वेड, 'ब्लू ड्रॅगन' घेऊन नॉर्वेपर्यंत जायचे. म्हणून ते 'स्किपर', म्हणजे आपला तांडेल. भाऊ 'हम'. पुतण्या 'जॉक'. आठ वर्षांचं पोर हेडमास्तरांना "गुड मॉर्निंग, स्किपर" म्हणणार आणि त्यात उद्धटपणा कुणाला वाटणार नाही. आपल्याकडे टोपणनावं असतात, पण मास्तरांच्या पाठीमागे. तुम्हाला मुलं काय म्हणायची ते मला ठाऊक आहे, सांगणार नाही. धाक कसा राहत असेल म्हणाल, तर राहतो म्हणे. मला अजून पटलेलं नाही.

एवढ्या लहान मुलांना वसतिगृहात ठेवतात, हे मात्र मला बघवत नाही. आणि आई, मी आठ वर्षांची नाही, तेव्हा ते उदाहरण मला देऊ नकोस.

१९६५ला जॉक निवृत्त झाले आणि लायनम घराण्याची ७९ वर्षांची गादी संपली. पुढचे हेडमास्तर लायनम नव्हते. शाळा चालू आहे, आता मुलीही आहेत. बाबा, रागावू नका, पण मोठ्या बाई इतकी वर्षं आपली शाळा सांभाळताहेत. त्यांच्या नावाने कागद का करत नाही? मी कधीच येणार नाही, असं मी म्हणत नाहीये. माझ्यासाठी खुर्ची अडवून ठेवू नका, एवढंच.

शाळेच्या छपराच्या पत्र्यांसाठीचे पैसे दादाच्या खात्यात टाकलेत, या वेळी थोडे कमी आहेत, घरभाडं वाढलं. उरलेले पुढच्या महिन्यात नक्की. वर्गणी मागू नका, मी आहे.

साताऱ्याच्या स्थळाला सध्या नाही कळवा. मुलगा चांगलाच असेल. पण मुलगी परत येऊन शाळा बघणार, असं त्यांना कुणी सांगितलं? आईने ना? तिनेच फोन करावा.

तुमची,
ताई