गाडी अलाइनमेंटला न घेणाऱ्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

वाकड्या स्टिअरिंगची गाडी तुमच्या गॅरेजात घेऊन आलेला आणि गाडीतून उतरायच्या आधीच ‘अलाइनमेंट करून द्या’ असं फर्मान सोडणारा तो मीच. तुमचं नाव विचारायचं राहिलं, धड आभारही मानले नाहीत. म्हणून हे पत्र. आणि तेही उघड, कारण अर्धवट माहितीवर पाना हातात घेणारे माझ्यासारखे आणखीही असणार.

माझा पराक्रम तुम्हाला ठाऊक आहेच, वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुन्या स्टिअरिंगचं आवरण सोलवटून हाताला चिकटायला लागलं होतं. त्याच मॉडेलचं दुसरं, चांगलं स्टिअरिंग मिळालं आणि मी ते घरीच बदललं. काढताना खूण करून ठेवावी हे डोक्यातही आलं नाही. गाडी रस्त्यावर काढली, तर सरळ जाताना मधला लोगो उजवीकडे कललेला, डावा आरा वर, उजवा खाली. स्टिअरिंग वाकडं म्हणजे अलाइनमेंट, म्हणजे चाकांच्या कोनांची जुळणी, गेली, एवढंच गणित मला येत होतं.

तुम्ही गाडी आत घेतलीच नाहीत. बाहेरच उभं करून विचारलंत, “बदलायच्या आधी सरळ होतं का? मध्ये कुठे खड्ड्यात आदळली का? हात सैल सोडला तर कुठल्या बाजूला ओढते का?” पहिल्याचं उत्तर हो, बाकी दोन्हींचं नाही. मग खाली वाकून तुम्ही पुढच्या टायरवरून तळहात फिरवलात, आधी आतून बाहेर, मग बाहेरून आत. मला वाटलं हवा बघताय. नंतर कळलं की टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बिघडलेला असेल तर रबराच्या कडा एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारख्या लागतात. माझे टायर दोन्हीकडून सारखेच लागले.

त्यानंतरची चिकटपट्टीची गंमत मी आता भेटेल त्याला सांगतो. सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवत आणून थांबवायला लावलीत आणि स्टिअरिंग आहे तसं वाकडंच ठेवून रिंगच्या अगदी वरच्या जागी पट्टी चिकटवलीत. मग म्हणालात, “आता डावीकडे अडेपर्यंत फिरव आणि फेरे मोज. परत इथेच आण. मग उजवीकडे.” डावीकडे दीड फेरा. उजवीकडेही दीडच. “बघ, रॅक, म्हणजे चाकं वळवणारी खालची आडवी दातेरी पट्टी, बरोब्बर मधोमध आहे. टाय रॉडची भानगड असती तर एका बाजूला जास्त भरलं असतं. चाकं सरळ, रॅक सरळ, तुझं स्टिअरिंगच तेवढं तिरकं बसलंय. टोपी तिरकी घातली म्हणून डोकं वाकडं होतं का?”

इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. स्टिअरिंगचा दांडा खाली रॅकला जोडलेला, रॅकच्या दोन टोकांना टाय रॉड आणि टाय रॉडच्या टोकाला चाकं. दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किती वळलेली, म्हणजे टो, हे टाय रॉडच्या लांबीवर ठरतं. समोरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती कललंय तो कँबर, आणि चाक ज्या अक्षावर वळतं तो बाजूने पाहिला तर किती झुकलाय तो कॅस्टर. हे दोन्ही सस्पेन्शनमध्ये ठरतात. दांड्याच्या वरच्या टोकाला कुठलं स्टिअरिंग बसवलंय याचा या तिघांशी काहीही संबंध नाही. मी वर जे केलं त्याने खालचा एकही नट हललेला नव्हता.

दांड्याच्या टोकाला दाते असतात आणि स्टिअरिंग त्या दात्यांवर बसतं. ३६ दाते धरले तर एक दाता चुकला की स्टिअरिंग १० अंशांनी तिरकं. काही गाड्यांत एक दाता मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, त्यामुळे स्टिअरिंग एकाच जागी बसतं आणि माझ्यासारख्यांना चूक करायची सोयच राहत नाही. माझ्या गाडीत तसा वेगळा दाता नव्हता.

खरे आभार मात्र पुढच्या गोष्टीसाठी. तुम्ही गाडी यंत्रावर घेतली असती, स्टिअरिंग सरळ धरून अडकवलं असतं आणि टाय रॉड एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड करून चाकं जुळवली असती, तर मी खूश होऊन पैसे देऊन गेलो असतो. टोसुद्धा कागदावर बरोबर दिसला असता. पण रॅक मधोमध राहिला नसता. गाडी एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त वळली असती. पुढे कधी कोणी स्टिअरिंग नीट दात्यावर बसवलं असतं, की पुन्हा वाकडं! मग पुन्हा अलाइनमेंट. चुकीवर चूक चढवून सरळ दिसणारी गाडी मी वर्षानुवर्षं चालवली असती.

आणि मग तुमची बोलणी. ती मी विसरलेलो नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढून मी किती वेळ थांबलो होतो, असं विचारलंत, आणि मी “लगेच खोललं” म्हटल्यावर तुमचा चेहरा! एअरबॅगच्या यंत्रणेत बॅटरी काढल्यावरही थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून काही मिनिटं थांबायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. उतरवलेली एअरबॅग मी तोंड खाली करून सीटवर टाकली होती हेही कबूल केलं. चुकून उडाली तर ती तोंडाच्या दिशेने फुगते. तोंड खाली असेल तर अख्खा डबाच वर उडतो.

आत गोल डबीत गुंडाळलेली जी पट्टीसारखी वायर असते, एअरबॅगची आणि हॉर्नची, ती स्टिअरिंग उतरल्यावर मोकळी फिरू दिली आणि मधोमध नसताना तशीच बसवली, तर एखाद्या पूर्ण वळणात ताणून तुटते. माझी वाचली ती नशिबाने. तुम्ही ती चिकटपट्टीने जागेवर धरलीत, नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवलात आणि मगच स्टिअरिंग हिसडलंत. मी आधी नट पूर्ण काढून जोर लावला होता आणि स्टिअरिंग सुटून हनुवटीवर आदळलं होतं. तो वळ तुम्ही पाहिलात, हसला नाहीत, त्याबद्दलही आभार. पांढऱ्या मार्करने दांड्यावर आणि स्टिअरिंगवर समोरासमोर खूण, एक दाता डावीकडे, टॉर्क रेंचने, म्हणजे मोजून आवळणाऱ्या पान्याने, नट, शेवटी स्कॅनर लावून स्टिअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्य दाखवतोय ना ते पाहणं. सगळं मिळून अर्धा तास.

निघता निघता मी लहान रिंगचं स्पोर्ट्स स्टिअरिंग लावावं का, असं विचारलं होतं. अलाइनमेंटला तेही काही करत नाही, फक्त लहान रिंगला जोर जास्त लागतो आणि थोड्याशा हालचालीने गाडी जास्त वळते. “पण एअरबॅग जाते, ते नको,” म्हणालात आणि विषय मिटवलात. त्याच दमात हेही सांगितलंत की टाय रॉड, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा भाग) किंवा रॅक बदलला, नाहीतर गाडी जोरात आदळली, तर मात्र न विचारता अलाइनमेंटला ये.

आता लोगो सरळ आहे. तुमचा तो पांढरा मार्कर मात्र माझ्याच खिशात आलाय. शनिवारी आणून देतो, आणि या वेळी नावही विचारतो.

आपला,
वाकड्या स्टिअरिंगवाला