मालवणच्या दादांना, टॉवेल आणि कंपासबद्दल थँक्यू

दादा, तुम्ही फोन फक्त वारा बघायला उघडता त्यामुळे हे तुम्हाला कुणीतरी वाचूनच दाखवेल, पण मला सगळ्यांसमोर लिहायचं होतं.

त्या सकाळी स्कूबा डाइव्हला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला पाण्यात उतरलो तेव्हा विझिबिलिटी (पाण्याखाली दिसण्याचं अंतर) जेमतेम 4 मीटर, मनगटावर नवाकोरा कंपास आणि डोक्यात माज. कंपासवर जाताना 240 अंश, येताना बरोबर उलट 60, झालं, त्यात काय शिकायचंय. वर आलो तर बोट 70-80 मीटर लांब, आणि माझा बडी (जोडीचा डाइव्हर) माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका. बोटीवर चढल्या चढल्या मी कंपासला शिव्या घातल्या, पीसच फॉल्टी आहे म्हटलं. तुम्ही काही बोलला नाहीत, माझ्या हातातला टॉर्च घेऊन कंपासशेजारी धरलात आणि सुई गर्रकन फिरली. टॉर्चच्या सरकत्या बटणात मॅग्नेट असतो हे मला कुठे माहीत! अख्खा डाइव्ह टॉर्च डाव्या हातात आणि कंपासही डाव्याच मनगटावर.

"कंपास बरो आसा, हात चुकलो तुझो." बास, एवढंच.

मग संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूवर डोक्यावरून टॉवेल टाकून मला चालवलंत (लोक बघत होते, त्यात एक शाळेची सहल). 30 पावलं, 90 अंश वळ, असं चार वेळा, आणि परत आपल्या चपलांपाशी यायचं. पहिल्या खेपेला मी सरळ रापणीच्या जाळ्यात. तेव्हा तुम्ही दाखवलंत की माझं मनगट कलतं आणि सुई तळाला घासून अडकते. उजवा हात समोर ताठ, डाव्या हाताने त्याचं कोपर घट्ट धरायचं, म्हणजे कंपास आडवा, नाकासमोर, आणि लबर लाइन (कंपासवरची जायची दिशा दाखवणारी रेघ) अंगाच्या रेषेत. परतताना बेझलला (कंपासच्या फिरत्या कड्याला) हात लावायचा नाही, सुई त्यावरच्या खाचेच्या बरोबर उलट टोकाला येईपर्यंत आपणच वळायचं. हे कोर्सच्या व्हिडिओत मी तीनदा बघितलं होतं हो, पण ते हातात उतरलं त्या टॉवेलखाली.

दोन दिवसांनी पुन्हा तेच पाणी. जाताना पायांच्या 40 किक मोजल्या, वळलो, आणि परतीच्या पंचविसाव्या किकला डोकं शपथेवर सांगायला लागलं की बोट डावीकडे आहे. कोपर सोडलं नाही. अडतिसाव्या किकला हिरव्या गढूळातून नांगराची दोरी दिसली, शेवाळलेली, करंटमुळे जराशी उजवीकडे. उजवीकडे, दादा!

त्या संध्याकाळचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वर चहा दोनदा पाजलात. तो निळा टॉवेल अजून माझ्याकडेच आहे, धुतलाय, पावसाळा संपून डाइव्ह सुरू झाले की ऑक्टोबरात घेऊन येतो.