बाबा, इंजिन तुमच्यामुळे नाही गेलं

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर काही बोलणं होत नाही आपलं. आंजर्ल्याच्या खाडीत रेंज येते-जाते, आणि आली की बाबा पहिल्यालाच "तेल बघितलंस का" विचारतात, मग मी काय सांगणार होतो ते राहूनच जातं. म्हणून सगळं बसून टाइप करतोय. आई, बाबांच्या डोळ्यात थेंब चालू आहेत तोवर तूच वाचून दाखव, दादाच्या मोबाइलवर अक्षर मोठं करून घे. आणि बाबा, मध्येच थांबवून विचारायचं नाही, सगळं येतंय पुढे.

आपल्या बोटीचं इंजिन चालू झालंय. परवा १६ तारखेला संध्याकाळी पाच-सव्वापाचला. आता सुरुवातीपासून सांगतो.

तुम्ही ठाण्याला गेलात त्याच आठवड्यात मी उघडायला घेतलं. तुम्ही म्हणत होतात नुसतं हेडखालचं पॅकिंग गेलं असेल, मलाही तसंच वाटत होतं, कारण रेस वाढवली की पाण्याच्या टाकीत बुडबुडे यायचे आणि डिपस्टिकवर तेल दुधाच्या चहासारखं. पण पॅकिंग असो की हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकणच, उतरवल्याशिवाय कळणार कसं. समुद्राच्या पाण्याचा वॉल बंद केला, बॅटरीच्या वायरी काढल्या, टाकीतलं पाणी सोडलं, नॉझल काढले, मॅनिफोल्ड सोडवला (त्याचे दोन नट गंजून एवढे धरले होते की काही दिवस त्यातच गेले, रोज डिझेल सोडून ठेवत होतो). रॉकर काढल्यावर पुशरॉड जसे निघतील तसे ताईच्या लग्नाच्या पत्रिकांच्या खोक्याला भोकं पाडून नंबराने खोचून ठेवले, म्हणजे ज्याचा त्याच्या जागी जाईल. आई, खोका रिकामाच होता, पत्रिका कपाटात आहेत.

हेडचे नट कडेकडून मधे, थोडे थोडे सैल केले. आपली दोन हेडं, तीन-तीन सिलिंडरची, त्यातलं मागचं उचललं. वरच्या तुळईला चेन पुली लावली, मी, मिस्त्रीकाका आणि शेजारच्या बोटीवरचा एक खलाशी, तिघांनी मिळून. वर ताडपत्री आणि पाऊस असा की एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, हातवाऱ्यांनी काम.

आणि बाबा, पॅकिंग गेलंच होतं, पण चार नंबरच्या सिलिंडरच्या दोन वॉलच्या सीटमधे तडा होता. केसासारखा. नुसत्या डोळ्याला काजळीचा ओरखडा वाटेल. मी हेड दापोलीला वर्कशॉपला नेलं, त्यांनी साफ करून लाल रंग मारला, पुसला, वरून पांढरा फवारा मारला, तर पांढऱ्यावर लाल रेघ उठली ती थेट पाण्याच्या वाटेपर्यंत. वर हेडला पट्टी लावून बघितली तर मधोमध ०.१० मिलिमीटरचा फिलर (फट मोजायची पातळ पत्री) आरामात आत जात होता, म्हणजे हेड वाकलेलंही होतं. ब्लॉक मात्र सपाट आहे, ०.०५ चाही गेला नाही कुठे. देव पावला म्हणायचं.

आता जे सांगायला एवढं लिहितोय ते. मे महिन्याच्या शेवटच्या फेरीला तुम्ही तापलेलं इंजिन बंद न करता तसंच सुवर्णदुर्गाच्या बाहेरून बंदरापर्यंत आणलंत आणि तेव्हापासून "मीच घालवलं" म्हणताय. आई सांगते रात्री पण तेच. तर मी वर्कशॉपवाल्यांना तड्याच्या जागी थोडं ग्राइंड करायला सांगितलं. आतमधे गंज होता, काजळी बसलेली होती खोलपर्यंत. तडा त्या दिवशीचा असता तर एवढ्या खोलपर्यंत काजळी बसली नसती. हा जुना आहे बाबा, निदान गेल्या हंगामातला. तेव्हापासून रोज थोडं थोडं पाणी जात होतं आणि आपण टाकीत वरून ओतत होतो, आठवतंय का, "उन्हाने कमी होतंय" म्हणून.

तुम्ही म्हणता काटा ८० च्या वर गेलाच नव्हता, म्हणून तुम्ही चालवत राहिलात. काटा खोटं बोलत होता. त्याचा सेन्सर पाण्यात बुडलेला असला तरच खरं दाखवतो, पाणी खाली गेल्यावर तो नुसत्या वाफेत राहिला आणि काटा बसला जागेवर. कोणीही फसला असता. आणि मुळात इंजिन तापत का होतं, तर समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरच्या नळ्या. उघडला तेव्हा निम्म्याच्या वर नळ्या क्षाराने आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने बंद होत्या, कूलर गंजू नये म्हणून लावतात ती जस्ताची कांडी तर उरलीच नव्हती, नुसतं बूच होतं. ती कांडी बदलायचं आणि तेव्हाच नळ्या बघायचं काम माझ्याकडे होतं. मी दिवाळीला बदलतो म्हटलं आणि बदलली नाही. चुकलं कोणाचं हे धरायचंच असेल तर ते हे आहे.

हेडसाठी कुर्ल्याला गेलो. आपलं मूळ लॉरीचंच इंजिन असल्यामुळे तिथे भंगारात मिळतं. पहिलं घेतलं ते परत द्यावं लागलं, बाहेरून रंग मारून झकास केलेलं, पण मी प्रेशर टेस्ट करून द्या म्हटल्यावर पाण्यात बुडवून हवा भरली तर बुडबुडे. दुसरं चांगलं निघालं. वॉल घासून, सीट करून, प्लेन करून सगळं मिळून २६ हजार. आई, पिग्मी मोडली. तुला विचारलं नाही कारण तू लगेच बांगड्या काढल्या असत्यास. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत परत भरतो.

बसवताना मिस्त्रीकाका आणि माझी जुंपली. ते म्हणे टॉर्क पाना कशाला, हाताला कळतं. मी म्हटलं कंपनीत आठ वर्षं हेच केलंय, मधून कडेकडे, तीन टप्प्यांत, आकड्याप्रमाणे. फुगून बसले तिकडे विडी ओढत. पण खरं सांगतो, ते नसते तर मी ब्लॉक फोडला असता. स्टडच्या भोकांत पाणी-तेल साठलेलं होतं, मी तसेच स्टड लावायला निघालो, त्यांनी हात धरला. म्हणाले आत तेल राहिलं तर त्याला जायला जागा नाही, आवळलंस की लोखंड फुटेल. मग एकेक भोक चिंधीने आणि हवेने कोरडं केलं. पॅकिंग नवीन, नॉझलखालचे तांब्याचे वायसर नवीन. टॅपेट त्यांनीच सेट केले, मी फिलर धरला नुसता.

डिझेलमधली हवा काढता काढता हात दुखले. सेल्फ मारला, पहिल्यांदा नुसता पांढरा धूर, दुसऱ्यांदा घेतलं. बोटीचे दोर बांधलेलेच ठेवून गिअर टाकला आणि चाळीस मिनिटं चालवलं, टाकीत बुडबुडा नाही, तेल काळंच. म्हणजे जसं असतं तसं. गार झाल्यावर परत पाना लावला तर दोन नट किंचित फिरले. मिस्त्रीकाकांना दाखवले मुद्दाम. काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी येताना घावणे घेऊन आले.

पाणी मिसळलेलं थोडं तेल अजून निघेल म्हणून या आठवड्यात परत तेल बदलतो, तोवर खाडीतच. मासेमारीची बंदी ३१ जुलैला संपते, घाई नाही. आई, कड्यावरच्या गणपतीला तू बोलली होतीस ते नारळ मी ठेवून आलो. घराला मागच्या बाजूने गळतंय थोडं, बादली लावलीय.

बाबा, डॉक्टरांनी दाखवायला बोलावलंय त्याच्या आधी निघायचं नाही. जुनं हेड भंगारात दिलेलं नाही, तो तडा तुम्ही स्वतः बघेपर्यंत ठेवणार आहे, माझ्यावर विश्वास नाही बसणार तुमचा माहितीये. पडवीत आहे, झोपाळ्याच्या बाजूला. आई, ओरडू नको, खाली गोणपाट टाकलंय.

तुमचा,
बाबू