समुद्राचे ज्ञान बोटीपर्यंत पोहोचावे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

अरबी समुद्राच्या तापमानवाढीवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण होता. परंतु हे संशोधन ज्याच्या जिवाशी जोडलेले आहे त्या तांडेलापर्यंत, म्हणजे बोटीच्या प्रमुखापर्यंत, ते कसे पोहोचते, किंवा का पोहोचत नाही, याविषयी त्यात एक ओळही नव्हती, म्हणून हे पत्र. मी रत्नागिरी जिल्ह्यातील मासेमारीच्या गावात राहणारा निवृत्त शिक्षक आहे. माझ्या धाकट्या भावाची ट्रॉलर आहे आणि हंगामात तो आठ-आठ दिवस समुद्रात असतो.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे की, गेल्या काही दशकांत अरबी समुद्राचा पृष्ठभाग सुमारे १.२ ते १.४ अंश सेल्सिअसने तापला असून येथील चक्रीवादळांची संख्या, तीव्रता आणि मुक्काम हे तिन्ही वाढले आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर 'क्यार' आणि 'महा' ही दोन वादळे अरबी समुद्रात एकाच वेळी उभी होती. २०२० च्या ३ जूनला 'निसर्ग' रायगडवर आदळले. पुढच्याच वर्षी 'तौक्ते' मेच्या मध्यात, मासेमारीचा हंगाम चालू असतानाच आले.

हे सारे कळते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. 'आर्गो' नावाचे स्वयंचलित तरंगक जगभरच्या महासागरांत सोडलेले आहेत. त्यातला प्रत्येक तरंगक साधारण दर दहा दिवसांनी २००० मीटर खोल जातो, वर येताना तापमान व क्षारता मोजतो आणि पृष्ठभागावर येताच आपली नोंद उपग्रहामार्फत पाठवून पुन्हा बुडी मारतो. ही माहिती वापरणारी आपली संस्था म्हणजे हैदराबादची 'इन्कॉइस' (भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र). ही संस्था पाण्याचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहीय मोजमापांवरून मासळी कोठे मिळण्याचा संभव आहे, याचे पत्रकही काढते, आणि ते मराठीतही असते. गरम आणि थंड पाणी जेथे भिडते तेथे मासळीचे खाद्य साठते, हे त्यामागचे तत्त्व. माझ्या भावाने ते प्रथम ऐकले तेव्हा तो म्हणाला, ‘‘हे वडिलांना ठाऊक होतंच. ते पाण्याचा रंग बदलला की जाळं टाकायचे.’’

म्हणजे दोन किलोमीटर खोलीवरची वार्ता हैदराबादला पोहोचते. अडते ते उलट दिशेने, म्हणजे हैदराबादहून बोटीपर्यंत. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटर पुढे गेले की मोबाइल मुका होतो. बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसलाही पृथ्वीच्या गोलाईमुळे मर्यादा येते, कारण या लहरी सरळ रेषेत जातात आणि क्षितिजाआडची बोट त्यांना सापडत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरअखेर 'ओखी' वादळ आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते आणि त्यांना इशारा देण्याची सोय नव्हती. त्यांच्यापैकी शेकडो जण वादळाच्या रेट्याने आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला लागले. ज्यांच्या बोटी लागल्या नाहीत, त्यांची घरे अजून वाट पाहत आहेत.

त्यानंतर उपाय झाले, हे मान्य केलेच पाहिजे. २०१९ मध्ये 'जेमिनी' हे उपकरण आले. ते 'गगन' प्रणालीच्या उपग्रहांकडून संदेश घेऊन ब्लूटूथने मोबाइलवर उतरवते. मात्र बोटीवरून त्यावर उत्तर देता येत नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते आरंभ झालेल्या योजनेत तेरा किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील एक लाख बोटींवर टप्प्याटप्प्याने ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत. त्यांतून संदेश दोन्ही बाजूंनी जातो आणि संकटात बोटीवरून मदतही मागता येते. ही खरोखर मोठी गोष्ट आहे.

पण उपकरण बसवले म्हणजे काम संपले, असे समुद्रावर होत नाही. गेल्या हंगामात भावाच्या बोटीवरचे एक उपकरण बंद पडले म्हणून मी जेटीवर गेलो. खलाशाने बॅटरीवरची रबरी टोपी काढली, तर आत तांब्याच्या तारेवर हिरवट भुकटी साचलेली होती. बोटाचा स्पर्श होताच तार मोडून हातात आली. उपकरण शाबूत होते, ती दोन इंचांची तार खारट हवेने खाल्ली होती. संबंधित कार्यालयाकडे तक्रार केली, तेव्हा दुरुस्तीचा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, बोट तिकडे आणा, असे उत्तर मिळाले. शेवटी गावातल्या मोटारसायकलच्या मेकॅनिकने नवी तार डकवून वरून ग्रीस लावले. खाऱ्या हवेत टिकणारी तार, जोडणी आणि आवरण हा पदार्थविज्ञानाचाच प्रश्न आहे. त्याला उपग्रहाइतका मान मिळत नाही, परंतु ऐन वादळात तांडेलाचा जीव त्याच तारेवर असतो. प्रत्येक बंदरावर एक प्रशिक्षित माणूस आणि सुट्या भागांचे एक कपाट, एवढी तरतूद या योजनेत झाली पाहिजे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक कांदोळीसमोरच्या समुद्रात अनेक वर्षे पाण्याचे नमुने घेत आले आहेत. पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या किनाऱ्यालगत तळाकडच्या पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपतो, हे अशा अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेऱ्यांना जाणारे आमचे लोकही किती वाव खोलीवर जाळे रिकामे आले, पाण्याला ओढ कोणत्या दिशेची होती आणि मतलई वारा कधी पडला, हे घरी येऊन सांगतात. पण ते कोणी लिहून घेत नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे यंत्र आता बोटीवर आले आहे, तर खोली, ओढ, वारा आणि मासळी अशा चार ठरावीक नोंदी तांडेलाने मराठीतून पाठवाव्यात आणि शास्त्रज्ञांनी त्या आपल्या मोजमापांशी ताडून पाहाव्यात, याला अडचण कोणती? संशोधनाचा प्रसार म्हणजे केवळ वरून खाली माहिती देणे, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट बसली आहे.

आपल्याकडेही एक मागणे आहे. जिल्ह्याच्या पानावर हंगामात रोज पुढील तीन दिवसांच्या लाटांची उंची आणि वाऱ्याचा वेग मराठीत चौकटीत छापावा. आमच्या जेटीवरच्या चहाच्या टपरीत आपला अंक पहाटे साडेपाचला येतो आणि त्या वेळी बोटींवर बर्फ भरण्याचे काम चालू असते.

आपला,
एक वाचक, जि. रत्नागिरी