मुलांची मानसोपचार ओपीडी संध्याकाळी का नको?

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहा ऑक्टोबरचा जागतिक मानसिक आरोग्य दिन जवळ आला की, आणि पुन्हा दहावी-बारावीच्या निकालाच्या आठवड्यात, वर्तमानपत्रांतून पालकांना एक सल्ला हमखास मिळतो: मुलांशी बोला. सल्ला खोटा नाही. पण बोलून झाल्यावर पुढे काय, हे कोणी लिहीत नाही. मुलगा बोलला, रडला, ‘मला काहीच नकोसं झालंय’ म्हणाला. आता त्याला घेऊन नेमके कुठे, कोणत्या वारी आणि किती वाजता जायचे? शाळेत विचारायला पालक कचरतात. मग ते माझ्यासारख्या क्लासवालीला विचारतात.

मी कोपरखैरण्यात आठवी ते दहावीच्या मुलांना गणित आणि विज्ञान शिकवते. माझ्याकडची निम्मी मुले माथाडी कुटुंबांतली. वडील एपीएमसीच्या भाजी किंवा फळ मार्केटात. मध्यरात्रीनंतर घर सोडायचे, सकाळी उशिरा परतायचे आणि पडायचे. आई कुठे रबाळ्याच्या कंपनीत, कुठे चार घरची पोळीभाजी करणारी. सरकारी रुग्णालयांच्या ओपीडी मात्र सकाळच्या. केसपेपरच्या रांगेत आठ-साडेआठलाच नंबर लावावा लागतो, आणि त्याच वेळी मुलाची शाळा भरलेली असते.

गेल्या वर्षी नववीतली एक मुलगी पोट दुखते म्हणून वरचेवर क्लासमधून उठून जायची. आधी ॲसिडिटीची औषधे झाली, मग सोनोग्राफी, तिच्यातही काही निघाले नाही. आजीने गावाहून अंगारा मागवला. शेवटी एका बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की दुखणे पोटाचे नाही, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आई खाडा करून तिला एका सरकारी रुग्णालयात घेऊन गेली, तर लहान मुलांचा वार वेगळा असल्याचे तिथे कळले. त्या वारी गेल्या, तर डॉक्टर रजेवर. पुढे डॉक्टर भेटले, चांगले वागले, तब्येतीने ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘हिला समुपदेशनाच्या बैठका लागतील, दर आठवड्याला घेऊन या.’

दर आठवड्याला आईचा खाडा म्हणजे त्या घरात किराण्याला कात्री. शिवाय मुलीची शाळा बुडणार, म्हणजे वर्गशिक्षिकेला कारण लिहून द्यायचे. ती चिठ्ठी कोणी वाचेल आणि मधल्या सुट्टीत काय चर्चा होईल, याची त्या मुलीला पोटदुखीपेक्षा जास्त धास्ती. त्यांनी जाणे सोडले. डॉक्टरांचा यात दोष मला दिसत नाही. उपचार बरोबर होता, पण तो घेता येईल अशी वेळच त्या घराकडे नव्हती.

बरे, मुलांनी एकट्याने जावे म्हटले तर तेही शक्य नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकालाच त्याचा प्रतिनिधी मानतो, आणि ते योग्यच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला ओपीडीत ‘आईवडिलांना घेऊन ये’ असेच सांगतात. म्हणजे मूल हवे, सोबत पालक हवा आणि डॉक्टर हवा. हे तिघे एका खोलीत येण्याची वेळ आपल्या भागात संध्याकाळी सहानंतरची. आपण ओपीडी ठेवली आहे सकाळी नऊ ते बाराची. माझे म्हणणे एवढेच आहे, बाकीचे सगळे त्याच्या अवतीभवतीचे.

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ सालचे. राज्यात अशी चारच: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. आपल्या इतक्या जवळ एवढी जुनी आणि मोठी संस्था आहे, पण ‘याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा ऐकत वाढलेल्या पालकाला पोराचा हात धरून त्या फाटकातून आत जायला सांगून पाहा. माझ्या ओळखीतले कोणी तयार झालेले नाही. पहिला प्रश्न येतो, ‘शॉक देतात का हो तिथे?’ म्हणून मुद्दाम लिहिते. २०१७च्या कायद्याने भूल दिल्याशिवाय शॉक देण्यावर बंदी घातली आहे. अल्पवयीन मुलाला तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय तो देताच येत नाही. मुलाला दाखल करायची वेळ आलीच, तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि घरचे माणूस किंवा घरच्यांनी नेमलेली व्यक्ती पूर्णवेळ सोबत असावी लागते. ही माहिती फाटकावर ठळक अक्षरांत लावली तरी पुष्कळ भीती कमी होईल.

खासगीत काय परिस्थिती आहे, हे वाचकांना सांगायला नको. एका बैठकीला हजाराच्या पुढे, आणि बैठका एक-दोन नसतात. ठाण्यात मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० पासून उभी केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था या शहराचे भाग्यच म्हणायचे. पण एका संस्थेने दिघ्यापासून बेलापूरपर्यंतची आणि पलीकडे घोडबंदरपर्यंतची मुले सांभाळावीत, अशी अपेक्षा करणे हा त्या संस्थेवरही अन्याय आहे.

आणि ही सेवा म्हणजे कोणी केलेले उपकार नाहीत. त्याच कायद्याचे कलम १८ सांगते की सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. त्यात मुलांसाठीच्या सेवांचा वेगळा उल्लेख आहे. किमान सेवा प्रत्येक जिल्ह्यात हवी. ती नसेल तर त्या व्यक्तीला जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी उपचार घेण्याचा हक्क आहे आणि खर्च सरकारने सोसायचा आहे. असा खर्च कोणी मागितल्याचे मी तरी ऐकलेले नाही. मागायचा कोणाकडे, हेच लोकांना ठाऊक नाही.

शाळांकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक हवा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यायचे आहे. ही तत्त्वे कोचिंगवाल्यांनाही लागू आहेत, म्हणजे माझ्यासारख्यांनीही अंग काढून घेऊन चालणार नाही. प्रत्यक्षात ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी असते, आत क्रीडासाहित्य असते आणि जबाबदारी चित्रकलेच्या किंवा पीटीच्या शिक्षकांच्या गळ्यात असते. जिथे खरेच प्रशिक्षित समुपदेशक आहेत, तिथेही त्यांचे काम अर्ध्यावर अडते. मुलाला औषधाची गरज आहे हे त्यांना कळते, पण चिठ्ठी लिहायची कोणाच्या नावाने?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून शाळांत जाऊन मुले तपासतात. अध्ययन अक्षमता, अतिचंचलता यांचा त्यांच्या यादीत समावेश आहे. पण पथक जाते सरकारी आणि अनुदानित शाळांत, तेही वर्षातून एकदा. नवी मुंबईत गल्लोगल्ली निघालेल्या विनाअनुदानित इंग्रजी शाळांतली मुले या हिशेबातच नाहीत, आणि पोटाला चिमटा काढून पोराला त्या शाळेत घातलेल्या माथाडी बापाला हे माहीतही नसते.

एक गोष्ट मला कायम खटकते. दहावीत वाढीव वेळ किंवा लेखनिक मिळावा म्हणून अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा हेच पालक सगळी कामे टाकून सायनच्या रुग्णालयापर्यंत खेपा घालतात. गुणांचा प्रश्न असला की वेळ निघतो. त्यांना नावे ठेवत नाही. पण प्रमाणपत्राने मिळते काय, हे त्यांना स्पष्ट दिसते; आठवड्याच्या बैठकीने काय मिळेल, हे त्यांना कोणी समजावून सांगितलेले नसते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मी क्लासच्या फळ्याशेजारी लावला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा सुरू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येते. जरूर लावा, प्रत्येक क्लासने लावा. पण वन रूम किचनमध्ये पाच माणसे आणि मुलाच्या वाट्याला आईचा फोन, तर तो बोलणार कुठून? जिन्यात? गच्चीला सोसायटीने कुलूप घातलेले. माझ्याकडच्या एका मुलाने क्लास सुटल्यावर ‘मॅडम, पाच मिनिटं आत बसू?’ असे विचारले. मी बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

प्रश्न किती मोठा आहे, याचा अंदाज हवा असेल तर बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटातल्या ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक त्रास आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात चार. पाहणीच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, त्यामुळे आपला आकडा थोडा इकडेतिकडे असेल. २०२२च्या राष्ट्रीय गुन्हे नोंदींत देशात १३ हजारांवर विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत, आणि त्यांत महाराष्ट्र पहिला आहे.

डॉक्टर आणायचे कुठून, हा प्रश्न महापालिका विचारेल. रास्त आहे. देशात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. पण प्रत्येक मुलाला दर वेळी मानसोपचारतज्ज्ञ लागत नाहीत. बैठका चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि प्रशिक्षित समुपदेशक घेऊ शकतात, डॉक्टरांनी पंधरा दिवसांतून एकदा आले तरी चालेल. नवी मुंबई महापालिकेचे आठ विभाग आहेत. प्रत्येक विभागातल्या एका नागरी आरोग्य केंद्रात आठवड्यातली एक संध्याकाळ, सहा ते नऊ, केवळ शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी ठेवा. दोन पथके आठवडाभर फिरती ठेवली तरी आठही विभाग होतात. ठाणे महापालिकेलाही हे जमण्यासारखे आहे. संध्याकाळी दवाखाना चालत नाही, असेही म्हणता येणार नाही. १ मे २०२३ला राज्यभर सुरू झालेल्या ‘आपला दवाखाना’ची वेळ दुपारी दोन ते रात्री दहा अशीच ठेवली होती. केसपेपर तापखोकल्याचा असतो तोच असावा, खोलीवर वेगळी पाटी नको. मुलगी आईबरोबर ‘दवाखान्यात चाललेय’ एवढेच सांगून आली पाहिजे.

हे होईल तेव्हा होईल. तोवर एक काम आपण करू शकता. रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक आपण आदल्या दिवशी न चुकता छापता. तसेच महिन्यातून एकदा ठाणे आणि नवी मुंबईतल्या सरकारी व पालिका रुग्णालयांत मुलांसाठी मानसोपचार ओपीडी कोणत्या वारी, किती ते किती, कितव्या मजल्यावर असते आणि त्या महिन्यात डॉक्टर कोणत्या दिवशी नाहीत, याची चौकट छापावी. रुग्णालये माहिती देत नसतील, तर तेही छापावे. पहिले कात्रण मी १४४१६च्या शेजारी चिकटवीन.

आपली नम्र,
एक क्लासचालिका, कोपरखैरणे, नवी मुंबई

(विद्यार्थ्यांची ओळख पटू नये म्हणून नाव छापू नये, ही विनंती.)