फादर, त्या आठ अक्षरांबद्दल

आदरणीय फादर,

तुमचं नाव इथे घालत नाही. चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला खपत नाहीत, हे वसईतल्या आपल्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. तरी उघड लिहितेय, कारण समोर आले की तुम्ही विषय केळीच्या घडांवर नेता.

जुलैत आई गेली. बाबांना जिथे अग्नी दिला त्या गावच्या नदीकाठीच मला न्या, असं ती वर्षानुवर्षं सांगत होती. गावाकडचा रस्ता नेमका तेव्हाच पाण्याखाली गेला. सगळं इथेच उरकावं लागलं. मी रडले नाही. भटजी, दाखला, पाहुण्यांची अंथरुणं, सगळं बघत होते आणि बायका आपापसांत म्हणत होत्या, "बाई खंबीर आहे हो."

चौथ्या दिवशी तुम्ही वर आलात. 'देवाची इच्छा' म्हणाला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार. चहा घेतलात आणि म्हणालात, "बाई, आईच्या मातीला न रडलेल्या एका मुलाची गोष्ट सांगू?"

तोवर संत ऑगस्टीन म्हणजे माझ्या लेखी कुठल्याशा शाळेच्या पाटीवरचं नाव होतं. तुम्ही सांगितलात तो वयाच्या तेहतिसाव्या वर्षातला, नोकरी सोडलेला वक्तृत्वाचा मास्तर. इसवी सन 387. त्याच वर्षी ईस्टरला मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झालेला. आता आई मोनिकाला घेऊन तो आफ्रिकेला, थागास्तेला, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या आपल्या गावी निघालेला. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात मुक्काम पडला आणि मोनिकाला ताप भरला. नवव्या दिवशी ती गेली. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

तिनेही नवऱ्याशेजारी आपली जागा ठरवून ठेवली होती. पण शेवटच्या दुखण्यात म्हणाली, हे शरीर कुठेही ठेवा, फक्त वेदीपाशी माझी आठवण काढा. माझी आई असं काही म्हणाली नव्हती, आणि तुम्हीही ती तुलना रेटली नाहीत. तुम्ही सांगत राहिलात ते मुलाबद्दल. नातू, म्हणजे ऑगस्टीनचा मुलगा आदेओदातुस, हंबरडा फोडतो, मोठी माणसं त्याला गप्प करतात. ऑगस्टीन डोळे कोरडे ठेवतो, आल्यागेल्यांशी प्रसंगाला साजेसं बोलतो. आंघोळीच्या ग्रीक शब्दाचा अर्थ 'दुःख हाकलणं' असा होतो हे त्याने कुठेतरी ऐकलेलं, म्हणून न्हाणीघरात जाऊन आंघोळ करून येतो. काही उपयोग होत नाही! (स्मशानातून आल्यावर मीही डोक्यावरून पाणी घेतलं होतं. तेवढंच.) मग झोपतो. जाग येते तेव्हा अंथरुणात अँब्रोजच्या स्तोत्राच्या ओळी आठवतात आणि बांध फुटतो. पुढे दहाएक वर्षांनी, स्वतः बिशप झाल्यावर, 'कन्फेशन्स' या आपल्या आत्मकथनात तो हे लिहितो आणि वर वाचकांना विनवतो की आईसाठी मी तासाचा अगदी थोडा भाग रडलो, हसू नका मला.

त्या आठवड्यापासून तुमच्या जुन्या वहीतून आपण ते पुस्तक वाचतोय. माझी भांडणंही तुम्ही ऐकून घेतलीत. आदेओदातुसच्या आईचंच घ्या. तिच्यासोबत पंधरा वर्षांच्या आसपास राहिला आणि श्रीमंत घरातलं स्थळ ठरल्यावर तिला आफ्रिकेला परत पाठवलं. काळीज फाटलं, रक्त वाहिलं असं लिहितो, पण तिचं नाव? "मोनिकाचंही नाव अख्ख्या पुस्तकात एकदाच आहे," असं तुम्ही म्हणालात. फादर, हे उत्तर नव्हे. बाप्तिस्मा न झालेल्या तान्ह्या पोरांनाही त्याने शिक्षेतून सोडलं नाही, तेही मला पटणार नाही. तेव्हा तुम्ही कपातल्या चहाकडे बघत राहिलात आणि म्हणालात, "त्याचं सगळंच चर्चने जसंच्या तसं घेतलेलं नाही."

पण खरे आभार 'कन्फेशन्स'च्या अकराव्या पुस्तकाचे, म्हणजे अकराव्या भागाचे. काळ म्हणजे काय? कुणी विचारलं नाही तर मला माहीत असतं, विचारलं की सांगता येत नाही, असं म्हणून तो काळ मोजायला बसतो आणि उदाहरणाला घेतो अँब्रोजची तीच ओळ, ज्या स्तोत्राने तो रडला होता त्याची पहिली. 'देउस क्रेआतोर ओम्नियुम', सर्वांचा निर्माता देव. आठ अक्षरं, आलटून पालटून एक लघु, एक गुरु.

मी मराठीची मास्तरीण, लगेच पेन्सिल उचलली आणि 'दे'वर गुरूची खूण केली. तुम्ही ती खोडलीत. "लॅटिनमधला ए र्‍हस्वही असतो, बाई." 'उस' मात्र गुरु, कारण पुढे 'क्र' हे जोडाक्षर. हा नियम तर मी दरवर्षी नववीला शिकवते! लगालगा लगालगा. अहो, हे आपलं प्रमाणिका वृत्त. दोनदा म्हटलं की पंचचामर, म्हणजे शिवतांडव स्तोत्राचं वृत्त.

'जटाटवीगलज्जल...' आई दर सोमवारी म्हणायची. 'प्रवाहपावितस्थले'ला तिचा श्वास पुरायचा नाही, 'स्थले' नुसतं ओठांवर यायचं.

ऑगस्टीन विचारतो, म्हटलेलं अक्षर विरून गेलं, पुढचं अजून यायचंय, मग मी मोजतो ते काय? आणि म्हणतो, आठवणीत जे उमटून राहिलंय ते. हे वाक्य तुम्ही वाचत होतात, माझ्या कानात आई धापा टाकत होती, आणि मी तुमच्या वहीवर रडले. तासाच्या थोड्या भागापेक्षा बरीच जास्त. तुम्ही उठून गॅलरीत गेलात आणि माझ्या तुळशीला पाणी घातलंत, सकाळी घातलेलं असूनही.

वहीच्या त्या पानावर शाई थोडी पसरली आहे, त्याबद्दल माफी. बाराव्या पुस्तकापासून पुढे राहिलंय. रविवारी मिस्सा आटोपली की खाली येते.

आपली,
वरच्या मजल्यावरची बाई